तीन सर्व्हर, एक फोल्डर: मोडी दप्तराच्या साठवणीच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४, सोमवार

तीन जुने सर्व्हर आले. कुणाच्या तरी ऑफिसातून निवृत्त झालेले. प्रत्येकात सहा डिस्का आणि १६ जीबी रॅम. काकांनी हार घालायचं तेवढं बाकी ठेवलं. सरांचं म्हणणं सरळ आहे: "तीन आहेत ना, मग तिघांचं मिळून एक मोठं कपाट करा. एक मेलं तरी काम थांबता कामा नये." मान डोलावली. काय कबूल केलं ते रात्री कळलं.

आमचं काम थोडक्यात असं. खाजगी घराण्यांची मोडी दप्तरं स्कॅन करायची आणि त्यांची सूची करायची. एक रुमाल (कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं) सोडला की काही शे कागद निघतात. ४०० डीपीआयला रंगीत ए-फोर पानाची टिफ फाइल ४६ एमबीच्या आसपास होते. प्रत्येक पानामागे ती मूळ टिफ, दोन छोट्या जेपेग आणि सूचीची एक एक्सएमएल. आतापर्यंत ४० हजार पानं झाली, म्हणजे दोन टीबीच्या आत पण दीड लाखाच्या वर फाइली. स्कॅनिंगची चार विंडोज मशिनं, सूचीकारांची सहा लिनक्स मशिनं, आणि पानं सरळ करणारं, छोट्या प्रती काढणारं एक यंत्र. त्याला सगळे 'घाणा' म्हणतात.

टिफ एकदा लिहिली की जन्मात बदलत नाही. एक्सएमएल दिवसातून दहादा बदलते. याचं महत्त्व आज मला कळलेलं नाही, नुसतं लिहून ठेवतोय.

६ जून, गुरुवार

सुरुवात एनएफएसपासून (एका सर्व्हरवरचा फोल्डर नेटवर्कवरून बाकीच्या मशिनांना, म्हणजे क्लायंटना, वापरू देणारी पद्धत), कारण ते माहितीचं आहे. निदान मला तसं वाटत होतं.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ च्या सुमारास ते केलं तेव्हाचा मुख्य निर्णय असा की सर्व्हरने काहीच लक्षात ठेवायचं नाही. कोणी कोणती फाइल उघडली आहे, कुठवर वाचली आहे, याची नोंदच नाही. क्लायंट दर वेळी सगळं सांगतो: या हँडलची (ओळख-क्रमांकाची) फाइल, या बाइटपासून, इतकं दे. त्यामुळे सर्व्हर पडला, पुन्हा उठला, तरी क्लायंट तीच विनंती परत पाठवतो आणि काम पुढे चालतं. सावरासावर म्हणून वेगळी काही नाहीच.

त्याची किंमत लिहिताना मोजावी लागते. सर्व्हरला आठवण नाही म्हटल्यावर "लिहिलं" असं उत्तर देण्याआधी ते खरोखर डिस्कवर गेलेलं असलं पाहिजे, नाहीतर मध्येच वीज गेली की खोटं बोलल्यासारखं होईल. दुसऱ्या आवृत्तीत हे प्रत्येक तुकड्याला होतं आणि तुकडाही जास्तीत जास्त ८ केबीचा. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीने त्यातून वाट काढली: तुकडे भराभर पाठवा, सर्व्हर ते मेमरीत घेईल, शेवटी 'कमिट' म्हणा. कमिटचं उत्तर येईपर्यंत क्लायंटने आपली प्रत टाकायची नाही. सर्व्हर मध्ये रीस्टार्ट झाला तर क्लायंटला ते कळतं आणि तो सगळं पुन्हा पाठवतो.

ही युक्ती मला मनापासून आवडली. विश्वास ठेव, पण पावती मिळेपर्यंत कागद फाडू नको. आमच्या हिशेबनीस बाई अशाच आहेत.

पण एनएफएसचा सर्व्हर एकच. सरांचं "एक मेलं तरी" त्यात बसत नाही.

११ जून, मंगळवार

ग्लस्टर लावून पाहिलं, म्हणजे अनेक मशिनांच्या डिस्का मिळून एक फोल्डर दाखवणारी व्यवस्था. दोन मशिनांवर दोन प्रती. मांडायला इतकं सोपं की संशयच आला. यात फाइलींची यादी ठेवणारा वेगळा सर्व्हरच नाही; नावाचा हॅश (नावावरून गणिताने निघणारा आकडा) काढायचा, त्यावरून फाइल कुठे आहे ते ठरतं. मधला कारकूनच काढून टाकलाय म्हणा ना.

कारकून नसण्याचे परिणाम दोन.

पहिला वेगाचा. प्रती करण्याचं काम क्लायंट करतो, म्हणजे ४६ एमबीची टिफ तोच दोन्हीकडे पाठवतो. आमचं नेटवर्क एक गिगाबिट, त्यातून सेकंदाला फार तर ११५ एमबी जातात. त्याचे निम्मे झाले.

दुसरा छोट्या फाइलींचा. मी मूर्खासारख्या सगळ्या, ४० हजार, एक्सएमएल एकाच फोल्डरमध्ये ठेवल्या होत्या. सविस्तर यादी मागितली. एका फेरीला ०.२ मिलिसेकंद धरले आणि प्रत्येक नावामागे एकच फेरी झाली, तरी ८ सेकंद. प्रत्यक्षात प्रत्येक नावाची चौकशी दोन्ही प्रतींकडे होते. चहा पिऊन आलो तरी यादी चालूच होती.

मग मुद्दाम खोडी काढली. दोन सर्व्हरमधली वायर काढली, एक क्लायंट या बाजूला, एक त्या बाजूला, आणि दोघांकडून एकच एक्सएमएल बदलली. वायर परत लावली. दोन्ही प्रती एकमेकींकडे बोट दाखवतात, खरी कोणती ते कोण सांगणार? फाइल उघडायला गेलं की इनपुट-आउटपुट एरर. त्याला स्प्लिट-ब्रेन म्हणतात. उपाय माहीत असलेलाच: तिसरी प्रत ठेवा किंवा निदान निवाडा करणारा तिसरा पंच ठेवा, म्हणजे बहुमत नसलेल्या बाजूला लिहिताच येणार नाही.

आमच्या सूचीकार ताई हे बघत होत्या. म्हणाल्या, "अहो, आपल्याकडे रोज हेच आहे. एकाच पत्राच्या दोन नकला, दोन्हींत तारीख वेगळी, आणि मूळ पत्र वाळवीने खाल्लेलं." सूचीत त्या अशा वेळी दोन्ही तारखा लिहितात. फाइल सिस्टिमला ती सोय नाही.

आणखी एक. ग्लस्टर कंपनी रेड हॅटने २०११ मध्ये घेतली, आणि त्यांच्या ग्लस्टर स्टोरेज या उत्पादनाचा आधार याच वर्षअखेरीस संपतोय. मूळ मुक्त प्रकल्प वेगळा आहे, मान्य. पण पन्नास वर्षं ठेवायची कागदपत्रं त्यावर टाकायला हात धजत नाही.

१४ जून, शुक्रवार

सेफ, अशीच दुसरी व्यवस्था. सेज वाइल यांच्या कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ विद्यापीठातल्या कामातून आलेलं; त्यावरचा निबंध २००६ चा. रचना बघून खरोखर टोपी काढावीशी वाटते. कोणता तुकडा कोणत्या डिस्कवर, हे क्रश नावाच्या गणिताने क्लायंट स्वतःच काढतो. फाइलींची नावं आणि फोल्डर मात्र वेगळे मेटाडेटा सर्व्हर सांभाळतात. क्लायंट डेटा एकदाच पाठवतो, मुख्य डिस्क-प्रक्रिया तो इतरांना देते आणि सगळ्यांकडे पोचल्यावरच "झालं" म्हणते. ग्लस्टरमध्ये क्लायंटवर पडलेला भार इथे सर्व्हरांच्या आपसातल्या वायरीवर पडतो.

आता आमचं घोडं कुठे अडलं ते. प्रत्येक डिस्क-प्रक्रियेचं मेमरीचं ठरलेलं लक्ष्य ४ जीबी. सहा डिस्का म्हणजे २४ जीबी. मशिनात १६. लक्ष्य खाली आणता येतं, पण मग मेटाडेटा सर्व्हर आणि मॉनिटर (कोणतं मशिन जिवंत आहे यावर नजर ठेवणाऱ्या प्रक्रिया) कुठे बसवायचे? शिवाय तीन मशिनांवर तीन प्रती म्हटलं की जागा एक तृतीयांश. एक मशिन मेलं तर काम चालू राहतं, पण हरवलेली तिसरी प्रत पुन्हा करायला चौथं मशिन नाही. नवं येईपर्यंत दोन प्रतींवर जीव मुठीत धरून बसायचं.

आणि सगळ्यात खरं कारण: हे बिघडलं की दुरुस्त कोण करणार? मी. आणि मी गावाला गेलो असलो तर? हा प्रश्न कुठल्याच निबंधात नसतो.

१५ जून, शनिवार

नवा मुलगा म्हणाला, एचडीएफएस (प्रचंड डेटा अनेक मशिनांवर ठेवणारी फाइल सिस्टिम) का नको? त्याचं मूळ गुगलच्या २००३ सालच्या जीएफएस (गुगल फाइल सिस्टिम) निबंधात आहे. तिथे फाइली प्रचंड, तुकडा ६४ एमबीचा, लिहिणं बहुतेक शेवटी जोडत जाण्याचं, आणि नावांची सगळी वही एकाच मास्टरच्या मेमरीत. आमची सगळ्यात मोठी फाइलही एका तुकड्यात मावते, आणि बाकी सगळा किरकोळ माल. विंडोजवरचा स्कॅनर त्यात कसा लिहिणार, हे विचारल्यावर तो गप्प झाला. पण प्रश्न चांगला होता, असं त्याला सांगितलं.

२४ जून, सोमवार

शेवटी पुन्हा एनएफएसकडे. आठवडाभर एका सर्व्हरवर एक्सएफएस (डिस्कवरची फाइल सिस्टिम) आणि वर एनएफएसची चौथी आवृत्ती, अशी चाचणी. घाण्याने पहिल्याच दिवशी संप केला.

घाणा 'आवक' फोल्डरवर आयनोटिफायने (फोल्डरमधले बदल कळवणारी लिनक्सची सोय) नजर ठेवून असतो: नवी फाइल आली की उचल. स्थानिक डिस्कवर वर्षभर बिनबोभाट चाललं. एनएफएसवर काहीच होईना. एररही नाही. दीड तासाने ट्यूब पेटली: आयनोटिफायला फक्त आपल्याच मशिनाच्या कर्नलमधून झालेले बदल कळतात. दुसऱ्या मशिनाने सर्व्हरवर काय केलं ते याला कोण सांगणार? मग दर वीस सेकंदांनी यादी वाचायला लावली.

त्यावर नवी तक्रार. अर्धवट टिफ. स्कॅनरचं लिहून व्हायच्या आत घाणा फाइल उचलतो आणि पानाचा खालचा भाग काळा येतो.

तिसरी तक्रार ताईंची: "मी नोंद सेव्ह केली, शेजारच्या टेबलावर ती जुनीच दिसते. मग थोड्या वेळाने आपोआप बरी होते." हे मात्र नियमानुसार आहे. एनएफएसचं वचन इतकंच की मी फाइल बंद केली आणि त्यानंतर तू उघडलीस, तर तुला माझं लिहिलेलं दिसेल. आधीपासून उघडी असेल तर हमी नाही. फाइलीची माहिती क्लायंट ३ ते ६० सेकंद आणि फोल्डरची ३० ते ६० सेकंद आपल्याजवळच्या कॅशमधून देतो. हे बंद करायचा पर्याय आहे. लावून पाहिला: प्रत्येक बारीकसारीक गोष्टीसाठी सर्व्हरकडे फेरी. ताई खूश झाल्या, बाकी पाच जण माझ्या टेबलाशी आले. काढून टाकला.

१ जुलै, सोमवार

पालख्या पुण्यात. रस्ते बंद, ऑफिसात मी आणि काका. फोन नाही, तक्रार नाही. दिवसभर एएफएस, म्हणजे अँड्र्यू फाइल सिस्टिमबद्दल वाचलं.

कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि आयबीएम यांचा १९८० च्या दशकातला अँड्र्यू प्रकल्प. नाव अँड्र्यू कार्नेगी आणि अँड्र्यू मेलन यांच्यावरून. फाइल सिस्टिमच्या कामामागे महादेव सत्यनारायणन, आयआयटी मद्रासचे विद्यार्थी. हजारो विद्यार्थ्यांची मशिनं एका व्यवस्थेखाली आणायची, म्हणून त्यांनी एनएफएसच्या उलट केलं. फाइल उघडली की ती आपल्या डिस्कवर आणायची, तिथेच वाचायची-लिहायची, बंद करताना परत पाठवायची. आणि सर्व्हरने लक्षात ठेवायचं की ही प्रत कोणाकडे आहे. कोणी बदलली की तो बाकीच्यांना कळवतो: तुझी प्रत शिळी झाली. त्याला कॉलबॅक म्हणतात. क्लायंटने पुन्हा पुन्हा "बदललं का, बदललं का" विचारायचं नाही. परीक्षेचा निकाल लागला का म्हणून रोज शाळेत खेटे घालणं, आणि निकाल लागला की शाळेने कळवणं, यातला फरक.

पण आता सर्व्हरला आठवण आली. तो पडला की कोणाला काय वचन दिलं होतं तेही गेलं, उठल्यावर पुन्हा जमवा. आणि दोघांनी एकच फाइल उघडून बदलली तर जो शेवटी बंद करेल त्याची राहील.

आमच्या टिफना हे अंगरख्यासारखं बसतं: पूर्ण फाइल, एकदा लिहिलेली, अनेकदा वाचलेली. ओपनएएफएस अजून मिळतं. पण कर्बेरॉस (ओळख पटवण्याची यंत्रणा), व्हॉल्यूम, वेगळ्या परवानग्या, हे सगळं सहा सूचीकारांसाठी? पुस्तक मिटलं. काकांबरोबर वारकऱ्यांना चहा द्यायला खाली गेलो.

९ जुलै, मंगळवार

शोधसूची एसक्यूलाइटमध्ये (एकाच फाइलीत मावणारा डेटाबेस) होती आणि ती फाइल मी एनएफएसवर ठेवली होती. "डेटाबेस लॉक्ड." नेटवर्क फाइल सिस्टिमवर असं करू नका, हे एसक्यूलाइटवाले स्वतः सांगतात, त्यांची वॉल (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहिण्याची) पद्धत तर अनेक मशिनांनी मेमरी वाटून घेता येत नाही म्हणून तिथे चालतच नाही. सूची पोस्टग्रेस या डेटाबेस सर्व्हरमध्ये हलवली. अर्धा दिवस. हे आधीच करायला हवं होतं.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर पाऊस. खडकवासल्याचा विसर्ग वाढवला, सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं, शाळांना सुट्टी. आमच्याकडे दिवसपाळीला आठ जण कसेबसे आले आणि साडेअकराला वीज गेली. यूपीएसने वीस मिनिटं तग धरला. बॅटरी संपत आल्यावर सर्व्हरला "आता नीट बंद हो" असा निरोप जायला हवा. ती वायर मी जोडलेलीच नव्हती. धाडकन गेला.

वीज आल्यावर दोन गोष्टी.

पहिली: सर्व्हर उठला तरी कोणालाच लिहिता येईना. सगळे ओरडायला लागले, मीही घाबरलो. मग आठवलं. चौथ्या आवृत्तीत सर्व्हरला पुन्हा आठवण दिलेली आहे: कोणी काय उघडलं, कोणाचं कुठे कुलूप. त्यामुळे उठल्यावर तो ९० सेकंद थांबतो, ज्यांची आधीची कुलुपं होती त्यांनी पुन्हा हक्क सांगावा म्हणून. दीड मिनिट. तेवढ्यात मी तीनदा सर्व्हिस रीस्टार्ट केली, म्हणजे दर वेळी घड्याळ पहिल्यापासून.

दुसरी गोष्ट वाईट. सूचीच्या नऊ एक्सएमएल रिकाम्या. नाव आहे, आत शून्य बाइट. जुनी नोंदही गेली, नवीही.

कारण मी. चाचणीत वेग दिसावा म्हणून मी एक्स्पोर्टवर (सर्व्हरने फोल्डर बाहेर देण्याच्या सेटिंगवर) 'असिंक' लावलं होतं. म्हणजे सर्व्हरने डिस्कवर न लिहिताच "लिहिलं" म्हणायचं. ६ जूनला ज्या पावतीचं कौतुक केलं, ती मीच खोटी छापायला लावली. पावती मिळाली म्हणून क्लायंटने आपली प्रत टाकली. त्यात आमचा संपादक फाइल आधी रिकामी करतो, मग नव्याने लिहितो. नेमकी त्या मधल्या क्षणी वीज गेली. आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून जुन्या नोंदी आणल्या. सकाळचं काम ताईंनी कागदावरच्या खुणांवरून पुन्हा भरलं. काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

माउंट (क्लायंटने सर्व्हरच्या फोल्डरशी केलेली जोडणी) 'हार्ड' होते हे नशीब. 'सॉफ्ट' असते तर सर्व्हर गायब असताना क्लायंटने थोडा वेळ वाट बघून प्रोग्रॅमला एरर दिली असती, आणि घाण्याचा प्रोग्रॅम, जो मी लिहिलाय, फाइल बंद करतानाची एरर तपासत नाही. हार्ड म्हणजे हट्टी: सर्व्हर येईपर्यंत प्रक्रिया गोठून बसते, मारू म्हटलं तरी लवकर मरत नाही. लोकांना ते आवडत नाही. पण गोठलेलं मशिन डोळ्यांना दिसतं.

२९ जुलै, सोमवार

ज्या सूचीकार बाई सिंहगड रस्त्याला राहतात, त्या दोन दिवस घरूनच काम करत होत्या, लॅपटॉपवर प्रत घेऊन. आज आल्या. १४० नोंदी बदललेल्या, त्यातल्या सहा इथेही कोणीतरी बदललेल्या.

सत्यनारायणन यांच्याच गटाने एएफएसनंतर कोडा केलं ते नेमकं यासाठी: वायर तुटली तरी काम चालू, लागणाऱ्या फाइली आधीच साठवून ठेवायच्या, जोडणी आली की बदल पुन्हा लावायचे. टक्कर झाली तर? जमेल तिथे सिस्टिम सोडवते, नाहीतर माणसाला विचारते. आम्ही थेट माणसालाच विचारलं. सहा नोंदी, दोन बाया, एक टेबल, चाळीस मिनिटं.

१४० पैकी सहा. म्हणजे पूर आलेल्या आठवड्यातही आमच्याकडे दोघांचा हात एका फाइलीवर क्वचित पडतो. एवढ्यासाठी तीन प्रती क्षणोक्षणी एकमत ठेवणारी यंत्रणा हवीच कशाला?

५ ऑगस्ट, सोमवार

सरांना निर्णय सांगितला. काम एकाच सर्व्हरवर, झेडएफएस (डिस्कवरची दुसरी फाइल सिस्टिम) आणि वर एनएफएस, एक्स्पोर्ट 'सिंक'. दुसऱ्यावर दर पंधरा मिनिटांनी स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाचं चित्र, जाणार. तिसरा दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, नदीपासून लांब. त्याच्याकडे रात्री एकदा.

"म्हणजे तीन असून एकच चालणार?"

"हो सर. तो मेला तर मी दुसरा हाताने उभा करीन. अर्धा तास काम बंद, आणि जास्तीत जास्त पंधरा मिनिटांचं काम गेलं."

"आणि तू नसलास तर?"

पान दाखवलं. बारा ओळी, मराठीत, कोणती वायर कुठे, कोणता आदेश कधी. नव्या मुलाने शनिवारी फक्त ते पान बघून दुसरा सर्व्हर उभा केला होता. ३५ मिनिटं. सरांनी पान दोनदा वाचलं आणि पंधरा मिनिटांच्या ओळीखाली स्वतः सही केली. खूश नव्हते.

८ ऑगस्ट, गुरुवार

चार वेगळे विभाग केले आणि प्रत्येकाला वेगळी वागणूक. 'आवक'मध्ये फक्त स्कॅनर लिहितात, साम्बातून (विंडोज मशिनांना लिनक्सवरचा फोल्डर वापरू देणारा प्रोग्रॅम); घाण्याला तिथे प्रवेशच नाही. 'मूळ'मधल्या टिफ क्लायंटना फक्त वाचता येतात, आणि त्या बदलतच नसल्याने घाण्याकडे कॅशची मुदत दहा मिनिटं. 'नोंदी' म्हणजे एक्सएमएल, मुदत ३ सेकंद, रुमालागणिक वेगळा फोल्डर. 'जावक'मध्ये छोट्या प्रती. हरवल्या तर पुन्हा काढू.

आवकमधून मूळमध्ये हलवायचं काम सर्व्हरवरची स्क्रिप्ट करते. नाव बदलणं एका झटक्यात होतं, म्हणून अर्धवट फाइल दिसणार नाही अशी माझी खात्री. दुपारी पुन्हा काळं पान! आवक आणि मूळ आता वेगवेगळे विभाग आहेत, म्हणजे फाइल हलवणं हे नाव बदलणं राहिलंच नाही, ते कॉपी करून पुसणं झालं. आता आधी मूळमध्येच तात्पुरत्या नावाने कॉपी, चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला पडताळ्याचा आकडा) जुळवणं, मग तिथल्या तिथे नाव बदलणं. संपादकालाही हीच शिस्त लावली: नव्या नावाने लिही, डिस्कवर पोचल्याची खात्री कर, मग जुन्याच्या जागी आण.

सिंक केल्यावर घाणा रडतोय. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची डिस्क म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या. प्रत्येक छोट्या फाइलीला खरी पावती हवी तर आकडा त्याच घरात अडकतो. वीज गेली तरी हातातलं लिहून टाकणारी एक छोटी एसएसडी मागवली आहे, फक्त पावत्यांसाठी. खरेदीच्या कागदावर कारण काय लिहू, हे हिशेबनीस बाईंनी विचारलं. "पावत्यांसाठी" म्हटल्यावर लगेच मंजूर.

१२ ऑगस्ट, सोमवार

एसएसडी बसली. यूपीएसची वायर जोडली, खरोखर प्लग काढून तपासली. सर्व्हर शहाण्यासारखा बंद झाला.

ताईंना 'नोंदी'त ठिपका-एनएफएसने सुरू होणाऱ्या विचित्र नावाच्या फाइली दिसतात, व्हायरस आहे का विचारत होत्या. नाही. एकाने उघडी ठेवलेली फाइल त्याच मशिनावर पुसली की क्लायंट तिला लपवून असं नाव देतो, बंद झाल्यावर काढतो. काही राहून जातात. आठवड्याने झाडू मारणारी स्क्रिप्ट लिहायची आहे.

रुमाल ३४ उद्या सोडणार. वाळवी लागलेला आहे, पानं जपून.